मालगाडीच्या एंजिनाचे छायाचित्र

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यांच्या पंक्तीला डिझेल एंजिनाचे छायाचित्र बसवू म्हटले, तर कोणी हसेलही. पण चंद्रपूरच्या अर्वाचीन इतिहासातून कोळसा वगळता येत नाही, आणि कोळसा म्हटला की मालगाडी आलीच.

१९२९ साली बल्लारशा-काझीपेठ मार्ग पुरा होऊन दिल्ली-मद्रास ही सलग वाट आपल्या अरण्यातून गेली. तीवर वाफेमागून डिझेल आले, डिझेलमागून वीज. 'डब्ल्यूडीएम-२' जातीची एंजिने १९६२ साली अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आली; १९६४ पासून ती वाराणसीस होऊ लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, चाकांच्या सहा जोड्या. जात एक, तरी रूप एक नव्हे. पुढे काहींच्या दर्शनी खिडक्या मोठ्या झाल्या. व्हॅक्यूम ब्रेक जाऊन हवेच्या दाबाचे ब्रेक आले, तेव्हा तोंडावरच्या नळ्याही बदलल्या. या खुणा स्पष्ट उमटल्या असतील, तर तारखेवाचूनही चित्राचा काळ अजमावता येतो.

म्हणूनच धावत्या गाडीचे देखणे चित्र पुरेसे नाही. उभ्या एंजिनाची बाजू, तोंड, नळ्या, क्रमांक हे सारे निरनिराळे टिपावे. ऊन तिरपे असावे, म्हणजे चाकांमागचा भाग काळोखात बुडत नाही.

वडसा मार्गावरचे नॅरोगेज १९९०च्या दशकात गेले. भंगारात गेलेले एंजिन साक्षीला येत नाही. ज्यांच्या घरी अशी जुनी चित्रे असतील, त्यांनी मागे निदान स्थानक आणि साल लिहून ठेवावे.