सोंगट्यांच्या पटापासून मोबाईलपर्यंत

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असा समितीचा आग्रह. माहुली किल्ल्यावर लिहिणारे बरेच आहेत. म्हणून मी आपल्या विरंगुळ्याचा इतिहास घेतला.

माझे बालपण मुरबाड तालुक्यात गेले. करमणूक म्हणजे पौष पौर्णिमेची म्हशाची यात्रा. गुरांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, पाळणे आणि तंबूतला तमाशा. वर्षभराचे कष्ट माणसे तिथे विसरायची. पावसाळ्यात आवणी आटोपली की ओटीवर सोंगट्यांचा पट पसरला जाई. एका वर्षी आमचा बैल गेला. त्या पावसाळ्यात वडील रोज पट मांडून बसत. आई चिडायची, "दान पडलं म्हणून बैल उठणार आहे का?" वडील काही बोलत नसत. गंमत म्हणजे तो कापडी पट आईनेच शिवलेला होता.

या खेळाचा इतिहास मोठा आहे. पचिसी हे नाव पंचवीसच्या दानावरून पडले. फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या वाड्याच्या अंगणात पचिसीचा दगडी पट आजही दाखवतात. इंग्रजांनी हा खेळ सोपा करून घेतला आणि १८९६ मध्ये 'लुडो' नावाने त्याचे पेटंट घेतले. म्हणजे आपलेच दान परत आपल्याकडे आले!

पुढे मी बँकेत लागलो. आसनगावहून लोकलने जाताना गुडघ्यांवर रुमाल पसरून पत्ते चालत, शेजारी भजन. त्या दीड-दोन तासांत ना साहेब, ना हप्ते. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पण आमच्याकडे टीव्ही यायला बरीच वर्षे गेली. नव्वदीच्या दशकात मुलाच्या हातात विटा रचायचा छोटा गेम आला. त्याचे मूळ 'टेट्रिस', १९८४ मध्ये अलेक्सी पाजित्नोव या रशियन संगणकतज्ज्ञाने बनवलेले. मी मुलाला रागवायचो आणि बँकेत नवा संगणक आल्यावर, कॅश टॅली झाली की, स्वतः सॉलिटेअर खेळायचो. आज कबूल करतो.

मग २०२० चा मार्च आला. लोकल बंद, कारखाने बंद. मुलाची नोकरी गेली. चौदा वर्षांचा नातू दिवसभर मोबाईलवर खेळे. मी एकदा भडकलो, "बापाची नोकरी गेली आणि तुला खेळ सुचतो?" तो एवढेच म्हणाला, "आजोबा, खेळताना ते आठवत नाही." मला एकदम ओटीवरचे वडील दिसले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमची ही गेली. घरी भेटायला कोणी येऊ शकत नव्हते. रात्री झोप लागत नसे. नातू जवळ येऊन बसला. "आजोबा, चला, एक डाव." खेळ होता 'लुडो किंग', २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या कंपनीने काढलेला. पट तोच, फक्त काचेत! महिनाभर आम्ही रोज रात्री खेळलो. बोलणे फारसे नव्हते. दुःख गेले नाही, पण रात्र सरत होती.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे एक सांगतो. पैसे लावून खेळणे हा विरंगुळा नव्हे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने अशा ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली, ते बरे झाले. आणि जो डाव आटोपून माणूस उठू शकत नाही, तोही विरंगुळा राहत नाही. वडील पहाटे पट गुंडाळून शेतावर जात. नातूही आता कॉलेजात जातो. पण मुलाच्या हातात मोबाईल दिसला की ओरडण्याआधी एकदा शेजारी बसून विचारावे, "काय झालंय रे?"

रौप्यमहोत्सवाच्या दिवशी संध्याकाळी क्लबरूममध्ये जमू या. पोरांनी मोबाईल आणावेत. आईने शिवलेला पट मी घेऊन येतो.