पेटीची किल्ली कोणाकडे?

1721 साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, शोगुन तोकुगावा योशिमुने याने न्यायकचेरीसमोर एक पेटी ठेवायला लावली. महिन्यातून तीनच दिवस, 2, 11 आणि 21 तारखेला, ती बाहेर यायची. साध्यातल्या साध्या माणसाला तीत कागद टाकता येई. नाव-पत्ता नसलेला कागद मात्र बाद. कुलूप उघडायचं ते शोगुनच्या समोर, त्यामुळे आत काय आहे याचा मधल्या कारभाऱ्यांना आधी पत्ता लागत नसे. कारखान्याच्या फाटकाशी टांगलेल्या सूचनापेटीची वंशावळ मी इथून धरतो. व्हेनिसच्या राजवाड्यातल्या सिंहमुखी फटी याहून जुन्या खऱ्या, पण त्यांत पडायच्या त्या चुगल्या. ते घराणं वेगळं.

योशिमुनेची कसोटी पहिल्याच वर्षी लागली. यामाशिता कोनाई या रोनिनाने, म्हणजे बिनधन्याच्या सामुराईने, खुद्द त्याच्या काटकसरीच्या धोरणावर खरमरीत टीका लिहून पेटीत टाकली. शोगुनने शिक्षा करायचं सोडून त्याचं कौतुक केलं. माझ्या मते पेटी चालली ती या एका प्रसंगामुळे, कारण अशा गोष्टी गावभर व्हायला वेळ लागत नाही. 1722 मध्ये ओगावा शोसेन या वैद्याच्या सूचनेवरून कोइशिकावाच्या औषधी बागेत गोरगरिबांसाठी दवाखाना निघाला आणि शोगुनशाही संपेपर्यंत टिकला.

कारखान्यांना हे सुचायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनला विल्यम डेनीच्या जहाजकारखान्याने 1880 मध्ये, नवं हत्यार किंवा कामाची सुधारलेली रीत सुचवणाऱ्या कामगारासाठी रोख बक्षिसं ठेवली. अमेरिकेत डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत जॉन पॅटरसनने 1894 मध्ये सूचनांची पद्धत सुरू केली. तिथे दुखणं होतं मधल्या माणसाचं. कामगाराने काही सुचवलं की फोरमनला वाटणार, हा आपली चूक काढतोय; आणि पटलंच, तर श्रेय फोरमनच्या खात्यात. पेटी म्हणजे त्याला वळसा घालून वर जायची वाट. कोडॅकने 1898 मध्ये हीच वाट धरली. तिथलं पहिलं बक्षीस दोन डॉलरचं, आणि सूचना काय? खिडक्या धुवा, म्हणजे उजेड येईल! काळवंडलेल्या काचा साहेबांना दिसत नव्हत्या असं नाही, पण त्या अंधारात काम करणारा वेगळाच होता.

1950 मध्ये एइजी टोयोडा डेट्रॉइटजवळ फोर्डचा कारखाना पाहायला गेले. तिथली सूचनांची पद्धत त्यांनी हेरली आणि 1951 मध्ये टोयोटात आणली. पण पुढे तिथे पॅटरसनच्या उलटा मार्ग धरला गेला. फोरमनला वळसा न घालता त्यालाच मध्ये घेतलं: सूचना नीट मांडायला मदत करायची, ती करून पाहायची आणि उत्तर द्यायचं ते त्यानेच. बक्षिसं बहुतेक किरकोळ. साहजिकच, सूचना वाढल्या तसं पेटीचं महत्त्व उरलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला, तेव्हा त्याची ख्याती दांड्या आणि भांडणांची होती. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. घेतलेली माणसं बहुतेक तीच, जुनी, त्याच युनियनची. सुधारणा सुचवायला लागली तीही तीच.