२४ भोकांची चकती

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचे बाण मी कुरिअरने पाठवले, बबल रॅपमध्ये करकचून बांधून. पोचले तेव्हा निम्म्या बाणांची पिसं चेपलेली होती आणि स्पर्धा दोन दिवसांवर आली होती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "दादा, इतकं घट्ट कशाला बांधलंस?"

माझी चूक मला 'मेरी रोझ'बद्दल वाचताना कळली. आठव्या हेन्रीचं हे युद्धजहाज १९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडमधल्या पोर्ट्समथजवळ बुडालं. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढला. त्यात १७२ धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण सापडले. सोबत चामड्याच्या गोल चकत्याही होत्या. प्रत्येक चकतीला २४ भोकं, कारण बाणांची एक जुडी २४ची. एकेका भोकात एकेक बाण. त्यामुळे बाण एकत्र राहत, पण पिसं एकमेकांवर दबत नसत.

मी बाण हलू नयेत म्हणून आवळले होते. त्या कारागिरांनी त्यांच्यामध्ये जागा सोडली होती.

यंदा मी फोमच्या दोन चकत्या कापल्या, प्रत्येकीला १२ भोकं पाडली. बाण पोचल्यावर बहिणीचा मेसेज आला: "सगळे सरळ."