बॅटनबर्ग ते माउंटबॅटन

फाळणीच्या इतिहासात माउंटबॅटन हे नाव आपण शाळेपासून वाचत आलो. १९४७ मध्ये हे आडनाव मात्र अवघे ३० वर्षांचे होते, आणि त्याचे मूळ जर्मन होते.

जर्मनीच्या हेसे प्रांतात एडर नदीकाठी बॅटनबर्ग हे लहानसे गाव आहे. हेसेचा राजपुत्र अलेक्झांडर याने १८५१ मध्ये युलिया हाउके हिच्याशी विवाह केला. ती राजकुळातली नव्हती. म्हणून तिला व तिच्या मुलांना हेसेचे नाव न मिळता या गावाचे मिळाले. थोरला मुलगा लुई १८६८ मध्ये, वयाच्या १४व्या वर्षी, ब्रिटिश आरमारात शिरला. १९१२ मध्ये तो आरमाराचा प्रमुख झाला.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. ४६ वर्षांची चाकरी विसरून लोकांनी त्याचे नाव पाहिले. वर्तमानपत्रांनी संशय घेतला आणि ऑक्टोबरमध्ये त्याने पद सोडले. १९१५ मध्ये इंग्लंडातल्या साध्या जर्मन दुकानदारांची दुकाने जमावाने लुटली. जुलै १९१७ मध्ये लुईने आडनावाचेच भाषांतर केले. 'बर्ग' म्हणजे डोंगर, इंग्रजीत 'माउंट'. त्याच महिन्यात राजा पंचम जॉर्जनेही घराण्याचे जर्मन नाव टाकून 'विंडसर' घेतले.

बापाचे गेलेले पद धाकट्या मुलाने, म्हणजे भारताच्या शेवटच्या व्हाइसरॉयने, १९५५ मध्ये मिळवले. बापलेकांची निष्ठा एकच होती. पारख मात्र नावावरून झाली. राजवाड्याला नाव बदलून सुटता आले. दुकानदाराला तेवढी सवड कोण देतो?