ऑनलाईन खेळातील मृत्यू: शिक्षा कठोर, तर गोडी अधिक?

नवी दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये २९ जानेवारी २०१९ रोजी झालेल्या 'परीक्षा पे चर्चा' कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाईन खेळाच्या वेडाची तक्रार मांडली. तो 'पबजीवाला' आहे का, असा प्रतिप्रश्न पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी करताच सभागृहात हशा उसळला. खेळाचे स्पष्टीकरण देण्याची गरज कोणालाच भासली नाही.

या खेळाचा नियम साधा, पण निर्दय आहे. सुमारे शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. शस्त्रे शोधायची आणि अखेरपर्यंत जिवंत राहायचे. मृत्यू आला की त्या खेळाडूचा डाव तेथेच संपतो. एरवी नेमबाजीच्या खेळात मेलेला खेळाडू काही क्षणांत पुन्हा मैदानात उतरतो, त्यामुळे मरणाची भीती उरत नाही.

मात्र पबजीची शिक्षा जुन्या खेळांच्या तुलनेत सौम्यच म्हणावी लागेल. अमेरिकेत १९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये मृत्यूनंतर कमावलेला अनुभव घटत असे आणि सामान मृतदेहापाशीच राही. ते आणण्यासाठी खेळाडूला निःशस्त्र अवस्थेत त्याच धोक्याच्या जागी जावे लागे. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने हा जाच बराच कमी केला. भुताच्या रूपात देहापर्यंत धावत जायचे, शस्त्रांची थोडी झीज सोसायची, एवढेच. हा खेळ अफाट लोकप्रिय झाला. तरीही २०२३ मध्ये त्याच कंपनीने एकदाच जगण्याची मुभा देणारे 'हार्डकोअर' सर्व्हर सुरू केले, कारण तशी मागणी खेळाडूंचीच होती.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख माणसाला अधिक जाणवते. गमावण्यासारखे काही असले की झुडपामागची सळसळही छातीत धडकी भरवते आणि विजयाला मोल येते.

पण भीतीची दुसरी बाजूही आहे. मरणाला घाबरलेला खेळाडू दडून बसतो आणि खेळ कंटाळवाणा होतो. पबजीने यावर शोधलेला उपाय शिक्षेहूनही चतुर आहे. सुरक्षित वर्तुळ सतत आकसत जाते आणि लपलेल्याला बाहेर यावेच लागते. स्पर्धांतील गुणपद्धतीही हाच तोल साधते. पहिल्या क्रमांकाला १० गुण आणि प्रत्येक बळीमागे १ गुण.

भारतात प्रश्न आणखी एका कारणाने बिकट होतो. येथे बहुसंख्य लोक मोबाईलवर खेळतात. ऐन लढतीत फोन वाजला किंवा नेटवर्क गेले, तर मृत्यू ओढवतो आणि क्रमवारीतील गुणही घटतात. स्वतःच्या चुकीची शिक्षा खेळाडू पचवतो. नेटवर्कच्या चुकीची नाही.

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये हा खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने परतला. जुलै २०२२ मध्ये तोही हटवण्यात आला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. या आवृत्तीत रक्त हिरवे दिसते आणि ठार करण्याऐवजी 'फिनिश' हा शब्द येतो. परतीनंतर १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची, तर प्रौढांना सहा तासांची मर्यादा घालण्यात आली. डाव संपवणाऱ्या मृत्यूचा नियम मात्र कायम राहिला.