खारभूमी : बांध टिकला तरच भात

खाडीलगतच्या सखल भागास बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली जमीन म्हणजे खारभूमी. रायगड जिल्ह्यातील अलिबाग, पेण परिसरात तिच्यावर खरिपात भात पिकतो. पावसाने मातीतील क्षार धुतले जातात आणि ते पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीवाटे खाडीत सोडले जाते. उधाणात बांधाला खांड पडल्यास मात्र खारे पाणी शेतात शिरून जमीन नापीक होते. अशा पडीक शेतात कांदळवन वाढले, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ मधील आदेशामुळे ते तोडता येत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’सारखे क्षारसहनशील भातवाण विकसित केले आहेत. तथापि, समुद्राची पातळी वाढत असताना बांधांची दुरुस्ती वेळेवर न झाल्यास केवळ वाणांच्या बळावर ही शेती टिकणे कठीण आहे.