तरुण मतदार आणि पात्रतेचा प्रश्न

निवडणुका जवळ आल्या म्हणजे सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते. हल्लींच्या तरुणांस राजकारणाची गोडी नाहीं; नागरिकत्व म्हणजे काय हें ते जाणत नाहींत; मतदानाचा दिवस त्यांस केवळ सुटीचा दिवस वाटतो. ही तक्रार अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीं १८ व १९ वर्षांच्या १ कोटि ८० लाखांहून अधिक तरुणांचीं नांवें यादींत आलीं. परंतु त्या वयाच्या एकंदर लोकसंख्येच्या अंदाजाशीं ताडून पाहतां हें प्रमाण चाळीस टक्क्यांच्याहि खालीं भरतें. मात्र यावरून ‘मग इतक्या लहान वयांत त्यांस हा हक्क दिलाच कशाला?’ असा प्रश्न निघाला, म्हणजे इतिहासाच्या अध्यापकास मध्येंच बोलावेंसें वाटतें. कारण हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचें उत्तरहि या देशांत पूर्वींच देऊन झालें आहे.

१९१९ च्या जानेवारींत साउथबरो समितीपुढें मताधिकारासंबंधीं साक्ष देण्यास एक सत्तावीस वर्षांचा अध्यापक उभा राहिला. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत अर्थशास्त्र शिकविणारे हे गृहस्थ म्हणजे भीमराव आंबेडकर. त्या काळीं मत हें सारा, कर किंवा मालमत्ता यांच्या मागून येत असे. पुढें १९२९ सालीं सायमन कमिशनच्या कामीं सादर केलेल्या निवेदनांत त्यांनीं सरसकट प्रौढ मताधिकार मागितला, आणि निरक्षरतेच्या आक्षेपाचा समाचार घेतला. निरक्षर तो निर्बुद्ध असें मानणें ही एक चूक. आणि साक्षर तेवढा शहाणा असें मानणें ही दुसरी. शिवाय ज्यांस शिक्षणापासून दूर ठेवलें, त्यांच्याच निरक्षरतेचें निमित्त करून त्यांस मत नाकारणें म्हणजे अन्यायावर अपमानाची भर घालणें होय. हा त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ.

१९३५ च्या कायद्यानेंहि मतदारांची संख्या तीन-साडेतीन कोटींच्या पलीकडे गेली नाहीं. घटनासमितीनें मात्र एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत दिलें आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकींत ही संख्या सतरा कोटींवर गेली. १९५१ च्या खानेसुमारीप्रमाणें शंभरांत अठरा माणसें काय तीं साक्षर! म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवून तिजवर त्याचें चिन्ह लावावें लागलें. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ यापलीकडे नांव न सांगणाऱ्या सुमारें अठ्ठावीस लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गाळावीं लागलीं. मतदान झालें तें सुमारें ४५ टक्के. म्हणजे हक्कदारांतील निम्म्याहून अधिक लोक घरींच राहिले. तथापि हे लोक अपात्र आहेत, त्यांचें मत काढून घ्या, असें घडलें नाहीं. १९६७ सालीं मतदानाचें प्रमाण ६१ टक्क्यांवर गेलें. पोहावयाचें तें पाण्यांत पडूनच शिकावें लागतें, एवढाच याचा अर्थ.

आतां अठरा वर्षांची गोष्ट. १८७५ च्या कायद्यानें अठरा वर्षांचा मनुष्य सर्वसाधारणपणें सज्ञान ठरतो. तो करार करूं शकतो, मालमत्ता विकूं शकतो. राज्य कोणीं चालवावें हें सांगण्यास मात्र त्यास आणखी तीन वर्षें थांबावें लागे. ६१ व्या घटनादुरुस्तीनें ही विसंगति दूर केली. २८ मार्च १९८९ पासून ती अंमलांत आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत एकविशी गांठण्यापूर्वींच ज्यांनीं पहिलें मत दिलें, त्यांत आम्हीहि होतों. बोटावरील शाई पुसूं नये म्हणून दोन दिवस आम्ही हात जपून धुतल्याचें आठवतें.

परंतु याच सुमारास महाराष्ट्रांत दुसरी एक गोष्ट घडली. कॉलेजांतील निवडणुकांत मारामाऱ्या वाढल्या होत्या. १९८९ सालीं मुंबईंत एका विद्यार्थी-पुढाऱ्याचा खून झाला. पुढें १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें या निवडणुकाच गेल्या आणि वर्गांत सर्वांत अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी प्रतिनिधि म्हणून नेमला जाऊं लागला. देशाचें सरकार निवडण्यास जो पात्र, तो वर्गाचा प्रतिनिधि निवडण्यास अपात्र! गुणपत्रिका ही येथें साक्षरतेच्या जुन्या कसोटीची जागा घेऊन बसली.

खून ही क्षुल्लक बाब नव्हे. आपला मुलगा कॉलेजांतून सुखरूप परत यावा या आईबापांच्या इच्छेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण रोगावर उपाय होता. जे. एम. लिंगडोह यांच्या समितीनें उमेदवारास वयाची व हजेरीची अट घातली, खर्चास पांच हजार रुपयांची मर्यादा सांगितली, छापील फलकांस मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं त्या शिफारशी लागू केल्या. महाराष्ट्रांत २०१६ च्या कायद्यानें निवडणुका पुन्हां मान्य झाल्या. परंतु २०१९ सालीं त्या अगदीं तोंडावर आल्या असतांना पुढें ढकलण्यांत आल्या. आणि आम्ही अध्यापकांनीं काय केलें? आवार शांत राहिलें, परीक्षा वेळेवर झाल्या, यांतच आम्हीं समाधान मानलें. या शांततेची किंमत कोणीं दिली हें आम्हीं विचारलें नाहीं.

मध्यंतरीं वर्गांत आम्हीं लोकशाहीवर बरेंच बोललों. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, मी आजपर्यंत कोणालाहि निवडलेलें नाहीं आणि मलाहि कोणीं निवडलेलें नाहीं. हरणें म्हणजे काय तेंच मला ठाऊक नाहीं.’ तिच्या या बोलण्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. हरून सुद्धां दुसऱ्या दिवशीं जिंकणाऱ्याच्या शेजारीं त्याच बाकावर बसणें, हा लोकशाहीचा पहिला धडा. आणि तोच आम्हीं अभ्यासक्रमांतून गाळला. तरुणांच्या उदासीनतेचा हिशेब मांडतांना ही रक्कम वडील माणसांच्या खातीं लिहावी, हेंच न्याय्य होईल.